समोर बसून सांगितलेले : लोणार आणि वऱ्हाडातील संवादाची परंपरा

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार हे गाव आज उल्कापाताने तयार झालेल्या खाऱ्या सरोवरामुळे जगाला ठाऊक आहे. मराठी भाषेच्या इतिहासात मात्र या गावाचे आणखी एक स्थान असून ते माणसांच्या प्रत्यक्ष भेटीशी निगडित आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी तेराव्या शतकात परिभ्रमण करीत लोणारला आले, तेव्हा देवगिरीच्या यादव घराण्यातील राजा कान्हरदेव, म्हणजे कोरीव लेखांतील कृष्ण, त्यांच्या भेटीला आला, अशी हकिकत ‘लीळाचरित्र’ या ग्रंथात आली आहे. राज्याच्या धन्याने एका विरक्त परिव्राजकाच्या भेटीसाठी स्वतः यावे, ही गोष्ट सांगणाऱ्यांना आणि लिहिणाऱ्यांना जतन करण्याजोगी वाटली. मोबाइलच्या पडद्यात गुंतलेल्या कुटुंबांविषयी सध्या जी चिंता व्यक्त होते, तिच्यात समोरासमोरचे बोलणे हे बहुधा विरंगुळ्याचे किंवा जिव्हाळ्याचे साधन मानले जाते. ते तसे आहेच. परंतु वऱ्हाडाचा आणि एकंदर महाराष्ट्राचा इतिहास पाहिला, तर या बोलण्यावर याहून अवघड अशी एक जबाबदारी सोपवलेली होती, असे दिसते. खरे काय हे ठरवणे आणि सांगणाऱ्याला त्याच्या शब्दाशी बांधून ठेवणे, ही ती जबाबदारी होय. तिच्यासाठी ठरलेल्या जागा होत्या, ठरलेल्या वेळा होत्या आणि ठरलेली रीतही होती.

लोणारला माणसे का जमत, याचे उत्तर तिथल्या पाण्यात आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणात, म्हणजे बेसॉल्टमध्ये, पडलेल्या सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवराच्या तळाशी तीव्र क्षारयुक्त पाणी आहे, तर वर ईशान्येकडील काठावर गोड्या पाण्याचा झरा आहे. लोक त्याला नुसते ‘धार’ म्हणतात आणि त्याचे पाणी गोमुखातून पडते. खाली पिण्यास निरुपयोगी पाणी आणि वर स्नानाचे व पिण्याचे पाणी अशी ही रचना असल्यामुळे तीर्थ, वस्ती आणि बाजार हे तिन्ही काठाच्या आश्रयाने वाढले. गावातील दैत्यसूदनाचे मंदिर आणि विवराच्या तळाशी असलेले कमळजा देवीचे मंदिर यांमुळे यात्रेकरूंची ये-जा राहिली. भूमीखाली दडलेल्या लवणासुराला विष्णूने शोधून मारले आणि त्याच्या रक्ताने पाणी खारट झाले, ही स्थळकथा याच यात्रेकरूंच्या तोंडून दूरवर गेली असली पाहिजे. अकबराच्या दरबारातील अबुल फजलने ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याचे वर्णन करताना लोणारची नोंद घेतली असून काच आणि साबण बनवण्यास लागणारी द्रव्ये येथे मिळतात व त्यांपासून सरकारला महसूल येतो, असे म्हटले आहे, शिवाय ब्राह्मण या स्थानाला विष्णुगया म्हणतात, हेही त्याने सांगितले आहे. महसुलाचा आकडा कागदावरून कळू शकतो. एखाद्या क्षेत्राला तिथले लोक काय म्हणतात, हे मात्र कोणीतरी कोणाला तरी विचारल्याशिवाय कळत नाही.

क्षाराच्या व्यवसायातही हेच दिसते. उन्हाळ्यात पाणी आटू लागले की काठाशी आणि तळाशी साचलेले क्षाराचे थर मजूर गोळा करीत, आणि त्यांची प्रतवारी डल्ला, निमक डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी अशा नावांनी होत असे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या इंग्रजी सरकारी नोंदींत ही नावे सापडतात. एकोणिसाव्या शतकात, जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ मध्ये या विवराची दखल घेतली तेव्हापासून, येथे येणाऱ्या परदेशी अभ्यासकांना खडक तपासता येत होता, पाण्याचे पृथक्करण करता येत होते. पण हातात घेतलेला खडा डल्ल्याचा की खुप्पलचा, हे सांगणारा माणूस पाण्यात उतरणारा मजूरच होता. नोंद साहेबाच्या नावावर गेली आणि सांगणाऱ्याचे नाव राहून गेले, ही त्या नोंदींची मोठीच उणीव आहे.

ही उणीव त्या नोंदींच्या सहाशे वर्षे आधीच्या मराठी ग्रंथकाराने ठेवली नव्हती, आणि म्हणून येथे लीळाचरित्राच्या निर्मितीकडे थोडे सविस्तर पाहणे आवश्यक आहे. चक्रधरांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही. त्यांचे सारे शिकवणे चालता-बोलता, जेवताना, देवळाच्या ओट्यावर बसल्या बसल्या, शिष्यांच्या प्रश्नांना उत्तरे देत झाले. या शिष्यांत स्त्रिया पुष्कळ होत्या, आणि महदाइसा ही तर सतत शंका विचारणारी म्हणून पंथाच्या वाङ्मयात ओळखली जाते. आद्य मराठी कवयित्री म्हणून आज जिचे नाव घेतले जाते ती हीच. चक्रधरांचे प्रयाण झाल्यावर त्यांचे शब्द विरून जातील, या काळजीने म्हाइंभट या शिष्याने, पंथाची धुरा सांभाळणाऱ्या नागदेवाचार्यांच्या अनुमतीने, ते गोळा करण्याचे काम हाती घेतले. म्हाइंभट हा मुळात वाद घालण्यासाठी चक्रधरांकडे आलेला विद्वान. शास्त्रार्थाची सवय असल्याने साक्ष म्हणजे काय, हे त्याला नेमके ठाऊक होते. जो प्रसंग ज्याने डोळ्यांनी पाहिला किंवा कानांनी ऐकला, त्याच्याकडे जाऊन, समोर बसून, विचारून घ्यायचा, ही त्याने स्वीकारलेली पद्धत होती. एकाने सांगितलेला प्रसंग, म्हणजे ‘लीळा’, दुसऱ्या प्रत्यक्षदर्शीने सांगितलेल्या प्रसंगाशी ताडून पाहिला जाई. तेराव्या शतकाच्या अखेरच्या पाव शतकात, अमरावती जिल्ह्यातील ऋद्धपूर येथे, अशा रीतीने मराठीतील पहिला मोठा गद्यग्रंथ आकाराला आला.

या ग्रंथाची भाषा वाचताना आजही जाणवते की ती लिहिण्यासाठी घडवलेली भाषा नाही. वाक्ये तोकडी आहेत, प्रश्न आणि उत्तर एकमेकांना चिकटून येतात, कोण कुठे बसले होते, काय खाल्ले, कोणाला हसू आले, हे तपशील ओझे न होता येतात. नागदेवाचार्यांनी संस्कृतात लिहिण्याची सूचना नाकारून मराठीचाच आग्रह धरला, याचे कारणही ऐकणाऱ्यांत होते: पंथातील साध्या बायाबापड्यांना जे समजणार नाही, ते लिहून उपयोग काय, असा त्यांचा विचार होता. पुढे खालशाच्या धाडीत, म्हणजे मुसलमानी फौजांच्या स्वारीच्या धामधुमीत, मूळ पोथी हरवल्याचे महानुभाव परंपरा सांगते. तेव्हा ज्यांना ग्रंथ पाठ होता त्यांच्याकडून तो पुन्हा जुळवण्यात आला आणि हिराइसा या स्त्रीच्या स्मरणातील पाठाला त्यात मानाचे स्थान मिळाले. वेगवेगळ्या पाठांत फरक पडले, तेव्हा ते पुसून टाकण्याऐवजी कोणाच्या मते काय, हे ज्याच्या त्याच्या नावासह राखण्याची वृत्ती या परंपरेत दिसते. कोणी सांगितले आणि कोणाकडून ऐकले, हे न लपवणे हा तिचा सर्वांत मोलाचा गुण होय. हातातल्या पडद्यावर रोज येणाऱ्या मजकुराच्या बाबतीत नेमकी हीच माहिती गहाळ असते, आणि निनावी मजकुराने गावोगाव जी भांडणे लावली आहेत, त्यांचे मूळ बहुतांशी याच उणिवेत आहे.

सांगणाऱ्याला समोर उभे करण्याची रीत धर्मवाङ्मयापुरती नव्हती. मराठा काळातील न्यायदानात वतनाचे, शिवेचे किंवा मानपानाचे तंटे गोतसभेपुढे येत. गोतसभा म्हणजे त्या परगण्यातील देशमुख-देशपांडे, गावोगावचे पाटील-कुलकर्णी, पेठेचे शेटे-महाजन आणि बलुतेदार यांची जमलेली सभा. वादी आणि प्रतिवादी यांनी आपापली तकरीर, म्हणजे म्हणणे, सर्वांसमक्ष सांगायची. साक्षीदारांनी देवळात किंवा नदीकाठी शपथ घेऊन बोलायचे. आणि निर्णय झाल्यावर त्याचा महजर, म्हणजे निवाडपत्र, तयार व्हायचा. महजराच्या आरंभी ‘हाजिर मजालस’ या मथळ्याखाली सभेला उपस्थित असलेल्यांची नावे लिहीत, आणि ज्यांना अक्षर येत नसे ते आपल्या धंद्याच्या अवजाराचे चिन्ह काढीत. कुणब्याच्या नावापुढे नांगर दिसतो तो त्यामुळे. वि. त्र्यं. गुणे यांनी १९५३ मध्ये मराठ्यांच्या न्यायपद्धतीवर प्रसिद्ध केलेल्या इंग्रजी ग्रंथात अशा शेकडो कागदांचा आधार घेतला आहे. हे कागद प्रामुख्याने पश्चिम महाराष्ट्रातील असले, तरी देशमुखी वतनाची चौकट वऱ्हाडातही तीच होती; लोणारच्या शेजारचे सिंदखेड हे लखुजी जाधवांच्या देशमुखीचे ठाणे होते. निकालाइतकेच महत्त्व तो कोणादेखत झाला याला देणारी ही पद्धत होती, कारण उद्या कोणी शब्द फिरवला तर त्याला त्याच गावात, त्याच माणसांत वावरायचे असे.

या परंपरेचे गुणगान करताना तिच्यातील अन्याय झाकता येत नाही. पारावर, म्हणजे वडा-पिंपळाभोवती बांधलेल्या ओट्यावर, स्त्रिया बसत नसत. चावडीपुढे महारांना उभे राहण्याचे अंतर ठरलेले होते. पाणवठ्यावर कोणी कुठे थांबायचे, हे जात ठरवीत असे. समोरासमोरच्या बोलण्यात कोणाला समोर बसू दिले जाते, हा प्रश्न नेहमीच आधीचा आहे. ज्यांना पारावर जागा नव्हती, त्यांनी आपल्या जागा निर्माण केल्या. पहाटेच्या जात्यावर दोघी समोरासमोर बसून दळत, आणि त्या वेळी गायिलेल्या ओव्यांत सासर, माहेर, भाऊ, दुष्काळ, देव यांविषयी जे बोलले गेले, ते घरातील पुरुषांपुढे बोलता येणारे नव्हते. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस सहकाऱ्यांसह गावोगावच्या बायकांकडून अशा एक लाखाहून अधिक ओव्या मिळवल्या, त्याही त्यांच्या घरी जाऊन, त्यांच्याजवळ बसून. पिठाची गिरणी आली आणि हे गाणे थांबले. गिरणीने बायकांच्या खांद्यावरचे कष्ट उतरवले आणि ते कष्ट परत यावेत असे कोणीही म्हणणार नाही. मात्र कष्टांबरोबर दोघींनी एकत्र बसण्याची वेळही गेली आणि तिच्या जागी दुसरी वेळ कोणी नेमून दिली नाही. यंत्र आणि संवाद यांच्या नात्यातील मुख्य अडचण मोबाइलच्या किती तरी आधी, गिरणीच्या पट्ट्याबरोबर सुरू झाली होती.

विसाव्या शतकातील वऱ्हाडाने या अडचणीला दिलेले उत्तर विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. गाडगेमहाराजांचे (१८७६–१९५६) कीर्तन हे श्रोत्यांना प्रश्न विचारत पुढे सरकणारे कीर्तन होते: देवाला बोकड का कापता, कर्ज काढून सण का करता, पोराला शाळेत का घालत नाही, असे एकामागून एक सवाल टाकून ते उत्तर लोकांच्याच तोंडून वदवून घेत. हजारोंच्या जमावात स्वतःच्या तोंडाने दिलेले उत्तर माणसाला सहज नाकारता येत नाही. तुकडोजीमहाराजांनी (१९०९–१९६८) मोझरीच्या गुरुकुंज आश्रमातून जी चळवळ उभी केली, तिच्यात सामुदायिक प्रार्थनेला केंद्रस्थानी ठेवले. विदर्भातील अनेक गावांत या चळवळीच्या गुरुदेव सेवा मंडळाच्या प्रार्थनेसाठी संध्याकाळी लोक जात-पात बाजूला ठेवून एका सतरंजीवर बसू लागले, आणि प्रार्थनेनंतर गावच्या स्वच्छतेची, भांडणांची, शाळेची बोलणी होऊ लागली. जुन्या पारावर ज्यांना मज्जाव होता, त्यांनाही या सतरंजीवर जागा होती, म्हणून ही चळवळ जुन्या रीतीची नुसती पुनरावृत्ती ठरत नाही.

यंत्र आले की बोलणे संपते, असा नियम मात्र इतिहासातून निघत नाही. १९५६ मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीच्या पुणे केंद्राने तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत, सुमारे दीडशे गावांत, एक प्रयोग केला. लोणार तेव्हा अजून मध्य प्रदेशात होते आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचनेत विदर्भासह मुंबई राज्यात आले, त्यामुळे ते या प्रयोगाच्या बाहेर राहिले. निवडलेल्या गावांत पंधरा-वीस जणांचे श्रोतृमंडळ स्थापन करण्यात आले; आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा शेतीविषयक किंवा ग्रामजीवनविषयक कार्यक्रम ते एकत्र बसून ऐकत, लगेच त्यावर चर्चा करीत आणि शंका केंद्राकडे पाठवीत, त्यांची उत्तरे पुढच्या कार्यक्रमात येत. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूराथ यांनी केलेल्या मूल्यमापनात, मंडळ असलेल्या गावांची तुलना रेडिओ असूनही मंडळ नसलेल्या गावांशी करण्यात आली. मंडळाच्या गावांत लोकांच्या माहितीत ठळक वाढ आढळली, तर नुसता रेडिओ असलेल्या गावांत ती अगदी कमी होती. यंत्र तेच, आवाज तोच. फरक पडला तो ऐकल्यानंतर एकमेकांकडे तोंड करून बसण्याने. संवादाच्या बाजूने मांडलेला इतका स्पष्ट आणि इतका मराठी मातीतला पुरावा दुसरा क्वचितच सापडेल, आणि धोरण आखणाऱ्यांनी तो विसरावा हे खेदाचे आहे.

मोबाइलने ही वाट उलटी केली, कारण तो एकट्याने पाहायचा पडदा आहे. त्याचे उपकार नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. कामासाठी पुण्या-मुंबईला गेलेल्या मुलाचा चेहरा वऱ्हाडातील आईला रोज दिसतो, तो त्याच्यामुळेच. परंतु त्याच्या मर्यादाही लोणारनेच दाखवून दिल्या. जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा टाळेबंदीमुळे बाहेरचा माणूस काठावर येऊ शकत नव्हता, आणि तरीही ती छायाचित्रे काही दिवसांत जगभर पोहोचली. पाणी घटून क्षार वाढल्याने लवणप्रिय सूक्ष्मजीवांची वाढ झाली आणि त्यांच्या रंगद्रव्याने हा रंग आला, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीतून पुढे आले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सरोवराला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला. रंग साऱ्यांनी पाहिला. याआधी पाण्याने असा रंग कधी धरला होता का, त्या वर्षी पाऊस कसा होता, धारेला पाणी किती होते, हे प्रश्न मात्र छायाचित्राला विचारता येत नाहीत. त्यासाठी काठावर आयुष्य काढलेल्या माणसाच्या ओसरीवर जाऊन बसावे लागते.

करोनाच्या काळात शाळाच फोनमध्ये शिरल्यानंतर एकत्र बसण्याची वेळ पुन्हा नेमून देण्याचे प्रयत्न गावांनी स्वतःहून सुरू केले. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास ठरवले की, संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की घरोघरचे दूरचित्रवाणी संच आणि मोबाइल बंद व्हायचे, ते साडेआठच्या दुसऱ्या भोंग्यापर्यंत. मधल्या दीड तासात अभ्यास, वाचन आणि घरातल्या माणसांशी बोलणे. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये यवतमाळ जिल्ह्यातील बांशी या गावाच्या ग्रामसभेने अठरा वर्षांखालील मुलांच्या मोबाइल वापरावर बंदीचा ठराव केला. या दोहोंत वडगावची वाट अधिक टिकाऊ वाटते, कारण तिच्यात नियम मुलांपुरता नाही, थोरांनीही तो पाळायचा आहे, आणि काढून घेतलेल्या वेळेच्या जागी काय करायचे हेही सांगितले आहे. वडगावच्या भोंग्याने आपोआप काही घडले नाही. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक सुरुवातीला दारोदार गेले, उंबऱ्यावर थांबून लोकांशी बोलले, आणि त्यानंतरच भोंग्याचा आवाज लोकांनी मानला.

लोणारमध्ये अशा बैठकीच्या जागा अद्याप पुसल्या गेलेल्या नाहीत. नवरात्रात कमळजा देवीच्या दर्शनाला माणसे विवर उतरून जातात, आणि शेगावच्या गजाननमहाराजांची पालखी पंढरपूरहून परतताना गावात येते, तेव्हा दिंडीतल्या वारकऱ्यांसाठी घरे उघडी होतात. क्षार गोळा करण्याचा धंदा थांबला असला, तरी आजोबा-पणजोबांकडून त्याविषयी ऐकलेले सांगणारे कोणी असतील, तर डल्ला कशाला म्हणत आणि खुप्पल कशाला, पाण्यात कोणत्या महिन्यात उतरत, मजुरी कशी मिळे, बायका त्या कामात होत्या का, हे त्यांच्याकडूनच कळू शकेल. ते विचारायला जाणाऱ्याने फोन बरोबर न्यायला हरकत नाही. बोलणे त्यात साठवावे, आणि सांगणाऱ्याचे नाव व त्याने ते कोणाकडून ऐकले, या दोन गोष्टी त्याच्या परवानगीने त्याच बैठकीत लिहून घ्याव्यात.